किल्ल्याचे मालक बदलले, तळघर तेच राहिले

इंग्रज आले नसते तर आपल्या हातात पाटी-पेन्सिल आली असती का? आमच्या अभ्यासवर्गात हा प्रश्न दर वर्षी निघतो आणि दर वर्षी दोन तट पडतात. एक तट म्हणतो, पेशवाईत गळ्यात मडके होते, इंग्रजांच्या पलटणीत हातात बंदूक आली, तेव्हा इंग्रजांना शिव्या द्यायला आम्हाला सांगू नका. दुसरा तट म्हणतो, लुटारू तो लुटारूच, त्यात डावे-उजवे काय करायचे? यंदा मात्र एका तरुण कार्यकर्त्याने वेगळाच प्रश्न टाकला. पोर्तुगीज क्रूर, डच पैशाचे लोभी आणि इंग्रज त्यातल्या त्यात न्यायी, असे जे आपण पुस्तकात वाचतो, ते तळघरात डांबलेल्या माणसाला विचारून लिहिले आहे का?

या प्रश्नाने आम्हाला आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या एका वखारीपर्यंत नेले. आजच्या घाना देशातले एल्मिना हे ते गाव. तिथल्या किल्ल्यावर १४८२ ते १८७२ या काळात तीन युरोपीय सत्तांचे झेंडे एकामागून एक लागले. आधी पोर्तुगीज, मग डच, शेवटी इंग्रज. शाळेच्या पुस्तकात हा प्रकार 'युरोपीय सत्तांची व्यापारी स्पर्धा' या मथळ्याखाली दोन ओळींत आटोपतो. आम्हाला त्या दोन ओळींच्या खाली काय दडले आहे ते पाहायचे आहे, कारण त्याचे एक टोक थेट आपल्या देशातल्या मजुरांपर्यंत येते.

पोर्तुगीज जहाजे या किनाऱ्याला पहिल्यांदा लागली १४७१ साली. लिस्बनच्या फेर्नाव गोमिश नावाच्या व्यापाऱ्याने राजाकडून गिनीच्या व्यापाराचा मक्ता घेतला होता, त्याच्या माणसांना इथे सोने मिळाले. आतल्या जंगलातून अकान लोक सोन्याची भुकटी आणत आणि कापड, पितळ, तांबे घेऊन जात. पोर्तुगीजांनी या जागेला 'मिना' म्हणजे खाण असे नाव दिले. सोन्याचा वास लागताच शेजारच्या कास्तीलच्या राणीची जहाजेही येऊ लागली. १४७८ साली याच समुद्रात दोघांची लढाई झाली, पोर्तुगीज जिंकले, आणि १४७९ च्या अल्कासोवासच्या तहात कास्तीलने गिनीवर पाणी सोडले. म्हणजे किल्ल्याचा पहिला दगड बसण्याआधीच दोन ख्रिस्ती राजांनी आफ्रिकेचा किनारा आपसात वाटून घेतला होता. पोपने १४५५ सालच्या फर्मानाने पोर्तुगालच्या राजाला या मुलखातल्या बिगरख्रिस्ती लोकांना जिंकण्याचा आणि कायमचे गुलाम करण्याचा अधिकारही देऊन ठेवला होता. धर्माच्या शिक्क्याने माणसाला माणूसपणातून वगळणे ही काही एकट्या मनूची मक्तेदारी नव्हती.

राजा दुसरा जोआव याने डिओगो द आझांबुजा या सरदाराला सुमारे ५०० सैनिक आणि १०० गवंडी-सुतार देऊन पाठवले. किल्ल्याचे दगड पोर्तुगालमध्येच घडवून जहाजांत भरले होते. जानेवारी १४८२ मध्ये तो पोहोचला आणि तिथल्या प्रमुखाला भेटला. पोर्तुगीज बखरींत त्याचे नाव कारामान्सा असे येते. या भेटीचा वृत्तांत पोर्तुगीजांनीच लिहिलेला आहे, आणि त्यातही कारामान्साचे शहाणपण लपत नाही. तो म्हणाला त्याचा मतितार्थ असा की, मित्र अधूनमधून भेटत राहिले तर प्रेम टिकते, एकमेकांच्या अंगणात राहायला आले की कुरबुरी सुरू होतात. व्यापार करा आणि परत जा, हे त्याचे सभ्य भाषेतले सांगणे होते. आझांबुजाने ऐकले नाही. गवंड्यांनी ज्या खडकावर पहार मारली तो गावकऱ्यांच्या देवाचा खडक होता. गावकरी धावून आले, हाणामारी झाली, भेटी देऊन कसाबसा समेट झाला आणि पुढे पोर्तुगीजांनी गावच पेटवून दिले. साओ जोर्जे दा मिना हा किल्ला असा उभा राहिला. अल्बुकर्कने गोवा घेतला त्याच्या २८ वर्षे आधीची ही गोष्ट. कोलंबससुद्धा अमेरिकेला जाण्याआधी या किल्ल्यावर येऊन गेला होता.

आता एक गोष्ट, जी ऐकून आमच्या अभ्यासवर्गातले अनेक जण गोंधळले. सुरुवातीच्या काळात एल्मिनात गुलाम बाहेर जात नव्हते, आत येत होते. पोर्तुगीज बेनिनच्या बाजूला गुलाम विकत घ्यायचे, साओ तोमे बेटामार्गे एल्मिनाला आणायचे आणि अकान व्यापाऱ्यांना सोन्याच्या बदल्यात विकायचे. त्या जंगलात त्सेत्से माशीमुळे बैल-घोडे जगत नाहीत, सगळा माल माणसाच्या डोक्यावरून वाहावा लागतो. व्यापाऱ्यांना हमाल हवे होते, जंगल तोडायला आणि खाणीत उतरायला हात हवे होते. तेव्हा घेणारेही काळे, विकले जाणारेही काळे, आणि मधला दलाल गोरा. हे आम्ही मुद्दाम सांगतो, कारण आपल्यातही काही मित्र आफ्रिकेचा इतिहास 'गोरे विरुद्ध काळे' एवढ्यावर उरकून टाकतात. वरच्या पायरीवर बसलेला स्वतःच्याच समाजातल्या खालच्याला विकू शकतो, हे ज्याला कळले नाही त्याला जातीची उतरंडही नीट कळलेली नाही.

सोन्याची बातमी फुटल्यावर फ्रेंच आणि इंग्रज जहाजे चोरून यायला लागली. मग डच आले. १६१२ साली त्यांनी एल्मिनाजवळच मोरे येथे आपला किल्ला बांधला. १६२५ साली त्यांनी मोठी फौज उतरवून एल्मिनावर हल्ला केला, पण पोर्तुगीजांच्या बाजूने लढणाऱ्या स्थानिक लोकांनी त्यांना गाठून झोडपले. किल्ला वाचला तो पोर्तुगीज तोफांपेक्षा एल्मिनाच्या माणसांमुळे.

मग १६३७ साली असे काय घडले की डच पुन्हा चालून आले आणि जिंकले? याचे उत्तर आफ्रिकेत मिळत नाही, ते अटलांटिकच्या पलीकडे ब्राझीलमध्ये मिळते. डच वेस्ट इंडिया कंपनीने १६३० साली पेर्नाम्बुकोचा उसाचा मुलूख पोर्तुगीजांकडून हिसकावून घेतला. घाणे हाती आले, ऊस हाती आला, पण तोडणारे हात नव्हते. गुलामांशिवाय साखर निघत नाही, हे कंपनीचा तिथला गव्हर्नर योहान मौरित्स याला कळून चुकले. गुलाम आणायचे तर आफ्रिकेच्या किनाऱ्यावर मोक्याचे ठाणे हवे. म्हणून एल्मिना घ्यायला जहाजे निघाली ती हॉलंडहून नव्हे, ब्राझीलमधल्या रेसिफेहून. डचांनी या वेळी किल्ल्याशी थेट झुंज घेतली नाही. खाडीपलीकडची साओ जागोची टेकडी ताब्यात घेतली, तिच्यावर तोफा चढवल्या आणि वरून मारा सुरू केला. ऑगस्ट १६३७ मध्ये पोर्तुगीजांनी किल्ला दिला. पुढे शत्रूने आपलाच डाव आपल्यावर उलटवू नये म्हणून डचांनी त्या टेकडीवरही किल्ला बांधला. साखरेच्या एका मळ्यासाठी दुसऱ्या खंडातला किल्ला जिंकला गेला, एवढे वाक्य लक्षात ठेवा. पुढे आपल्याला पुन्हा याच जागी यायचे आहे.

पोर्तुगीज कॅथलिक होते, डच प्रोटेस्टंट. युरोपात हे दोन पंथ एकमेकांचे गळे चिरत होते. एल्मिनात डचांनी काय केले? अंगणातले पोर्तुगीजांचे चर्च बंद करून त्याचा वापर व्यापाराच्या कामासाठी सुरू केला. स्वतःच्या प्रार्थनेसाठी वरच्या मजल्यावर वेगळी खोली केली, तिच्या दारावर बायबलातल्या १३२ व्या स्तोत्रातले वचन कोरले. वर स्तोत्र, खाली कोठड्या. देव बदलला, पंथ बदलला, पण खालच्या कोठड्यांना कोणी हात लावला नाही. उलट मागणी वाढत गेली तशा त्या अधिक भरत गेल्या. आज तिथले मार्गदर्शक स्त्रियांच्या कोठड्यांपुढचे अंगण आणि त्यावरची गव्हर्नरची सज्जा दाखवतात, तिथे उभे राहून बायका निवडल्या जात असे सांगतात. समुद्राकडे उघडणारी अरुंद फट दाखवतात. त्या फटीतून होडीत आणि होडीतून जहाजावर.

१६५० नंतरची काही वर्षे या किनाऱ्यावर नुसता गोंधळ होता. एल्मिनाच्या जवळच केप कोस्ट आहे. तिथे स्वीडनच्या कंपनीने १६५३ साली किल्ला घातला, तो घालणारा हेन्रिक कार्लोफ हा मूळचा डच कंपनीचाच नोकर. नंतर त्यानेच डेन्मार्कची चाकरी धरून स्वीडनचा तोच किल्ला जिंकून दिला! मग डच आले, मग १६६४ साली इंग्रज सरदार रॉबर्ट होम्सने केप कोस्ट घेतले आणि ते इंग्रजांकडेच राहिले. या भांडणाने इंग्रज-डच यांचे दुसरे युद्ध पेटायला हातभार लावला. इंग्रजांनी या किनाऱ्याच्या सोन्याचे नाणे पाडले, त्याला 'गिनी' हेच नाव पडले. इंग्लंडच्या राजाचा भाऊ ड्यूक ऑफ यॉर्क गुलामांच्या कंपनीचा प्रमुख होता आणि गुलामांच्या अंगावर त्याच्या नावाची आद्याक्षरे तापल्या लोखंडाने डागली जात. पुढे जर्मनीतले ब्रांडेनबुर्गही उतरले. एवढ्याशा किनाऱ्यावर डझनावारी किल्ले उभे राहिले.

ही स्पर्धा वाचताना वाटते की हे एकमेकांचे हाडवैरी असतील. तसेही नव्हते. पोर्तुगीज एल्मिना हरले, तरी ब्राझीलची तंबाखू घेऊन येणारी त्यांची जहाजे गुलाम घ्यायला येतच राहिली. डचांनी त्यांच्यावर अट घातली की आधी एल्मिनाला थांबा, मालातला दहावा हिस्सा द्या आणि मग पुढे जाऊन हवे तेवढे गुलाम भरा. वैर झेंड्यापुरते होते, धंद्यात टक्केवारी ठरलेली होती.

आणि किनाऱ्याचे राजे? तेही नुसते बघे नव्हते. युरोपीय लोक जमिनीचे मालक कधीच नव्हते, भाडेकरू होते. प्रत्येक किल्ल्याचे भाडे ठरलेले असे आणि त्याची चिठ्ठी ज्या राजाकडे असेल त्याला ते मिळे. एल्मिनाची चिठ्ठी डेंकिरा राज्याकडे होती. १७०१ साली असांते राज्याने डेंकिराला हरवले, चिठ्ठी असांतेंकडे गेली आणि डच कुमासीच्या राजाला रक्कम भरू लागले. १६९३ साली तर अक्वामू राज्याच्या असामानी नावाच्या माणसाने आजच्या अक्रा शहरातला डेन्मार्कचा क्रिस्तियान्सबोर्ग किल्ला युक्तीने जिंकला, वर्षभर स्वतः चालवला आणि सोने मोजून घेऊन डेन्मार्कला परत विकला. किल्ल्याच्या किल्ल्या मात्र दिल्या नाहीत, त्या अक्वामूकडेच राहिल्या. असामानीची गोष्ट सांगताना आमच्या तरुणांचे डोळे चमकतात. चमकू देत. पण त्याच वर्षभरात त्या किल्ल्याच्या तळघराचे काय झाले, तेही विचारा. असामानीने व्यापार चालूच ठेवला होता.

अठराव्या शतकाच्या सुरुवातीपासून चक्र पुरते उलटे फिरले. बंदुका आणि दारूगोळा आत जायला लागला, युद्धे वाढली, युद्धकैदी वाढले, आणि सोन्याचा किनारा आता गुलामांचा किनारा झाला अशी कुरकुर डच अधिकारीच करू लागले. जिथे पूर्वी गुलाम उतरवून सोने भरत होते तिथे आता गुलाम भरले जाऊ लागले. त्यांच्या बदल्यात जो माल दिला जाई त्यात आपल्याकडचे कापडही होते. गुजरात आणि कोरोमंडलच्या विणकरांनी विणलेले सुती कापड युरोपीय कंपन्या खरेदी करत आणि त्यातल्या एका प्रकाराला 'गिनी कापड' असेच नाव पडले होते. मालदीवच्या समुद्रातल्या कवड्या हिंदी महासागरातून युरोपमार्गे आफ्रिकेत जाऊन माणसे विकत घेत होत्या. आपल्या विणकराला आपले कापड कोणाच्या बदल्यात जाते हे माहीत असण्याचा संभव नव्हता. पण जगाची बाजारपेठ किती आधीपासून एका साखळीत अडकलेली होती हे यावरून कळते.

आकडे सांगायचे तर, साडेतीनशेहून अधिक वर्षांत आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून सुमारे १ कोटी २५ लाख माणसे जहाजांत चढवली गेली, पलीकडे जिवंत उतरली ती सुमारे १ कोटी ७ लाख. मधली अठरा लाख समुद्रात. त्यात डच जहाजांचा वाटा साडेपाच लाखांच्या घरात, इंग्रजांचा तीस लाखांहून जास्त, आणि पोर्तुगीज-ब्राझिली जहाजांचा सर्वांत मोठा. तेव्हा 'कोण बरा' ही स्पर्धा लावायचीच असेल तर इंग्रजांचा नंबर फार वर लागत नाही, हे लक्षात घ्यावे.

इंग्रजांनी १८०७ साली गुलामांचा व्यापार बंद केला आणि डचांनाही १८१४ साली तो बंद करावा लागला. हे श्रेय नाकारण्याचे कारण नाही. त्यामागे गुलामांचे स्वतःचे उठाव होते, हैतीची क्रांती होती, इंग्लंडमधल्या सामान्य माणसांच्या सह्यांच्या मोहिमा होत्या. पण एल्मिनाच्या डचांनी काय मार्ग काढला तो पाहण्यासारखा आहे. त्यांना जावा-सुमात्रामध्ये लढायला सैनिक हवे होते. १८३१ पासून त्यांनी एल्मिनातून आफ्रिकी तरुणांची भरती सुरू केली. कुमासीच्या राजाशी करार करून तिथून गुलाम विकत घेतले, त्यांच्या हातात मुक्तीचा कागद ठेवला आणि त्या मुक्तीची किंमत त्यांच्याच पगारातून कापून घेतली. कागदावर स्वतंत्र, अंगावर गणवेश, डोक्यावर कर्ज. असे सुमारे ३००० जण जावाला गेले. त्यातले जे परत आले त्यांनी एल्मिनात जिथे वस्ती केली त्या टेकडीला आजही जावा हिल म्हणतात.

आता शेवटच्या सौद्याकडे येऊ. १८५० साली डेन्मार्कने आपले किल्ले इंग्रजांना १०,००० पौंडांना विकून टाकले. उरले इंग्रज आणि डच, आणि दोघांचे किल्ले एकमेकांत मिसळलेले. त्यामुळे जकात बसवता येईना. १८६७ साली दोघांनी ठरवले की अदलाबदल करू, पश्चिमेकडचे सगळे डचांचे, पूर्वेकडचे सगळे इंग्रजांचे. १ जानेवारी १८६८ पासून अंमल. गावांना विचारले? नाही. कोमेंडाच्या लोकांनी डच झेंडा नाकारला, तर डचांनी गावावर तोफा डागल्या.

इथे फांते लोकांनी जे केले ते आपल्या प्रत्येक कार्यकर्त्याने वाचले पाहिजे. ते मांकेसिम येथे जमले आणि त्यांनी आपला संघ स्थापन केला. १८७१ साली त्यांनी लेखी संविधान तयार केले. त्यात राजे होते तसे शिकलेले तरुणही होते, त्यात रस्ते बांधायची तरतूद होती, सगळ्या मुलांसाठी शाळा काढायची तरतूद होती आणि मुलींच्या शिक्षणाचाही विचार होता. या चळवळीला विचार पुरवणाऱ्यांत जेम्स आफ्रिकानस हॉर्टन हा डॉक्टर होता, गुलामांच्या जहाजातून सोडवलेल्या आईबापांचा मुलगा. गोऱ्यांनी आम्हाला वस्तूसारखे बदलून घ्यायचे नाही, आमचे आम्ही ठरवू, एवढाच त्यांचा गुन्हा. इंग्रज अधिकाऱ्यांनी संघाच्या पुढाऱ्यांना कटाच्या आरोपाखाली अटक केली. शाळा काढायला निघालेल्या माणसांना तुरुंग! इंग्रजांच्या न्यायबुद्धीवर डोळे झाकून विश्वास ठेवणाऱ्या आमच्या मित्रांना हा प्रसंग आम्ही मुद्दाम वाचायला सांगतो.

डचांना आता हा किनारा परवडेना. त्यांचा जीव अडकला होता दोन ठिकाणी. एक सुमात्रा, जिथे आचेचे राज्य जिंकायचे होते आणि इंग्रज आडवे येत होते. दुसरे दक्षिण अमेरिकेतले सुरिनाम. तिथे डचांनी १ जुलै १८६३ रोजी गुलामगिरी संपवली, पण मुक्त झालेल्यांना आणखी दहा वर्षे सरकारी देखरेखीखाली मळ्यावर राबायची सक्ती केली. ही मुदत १८७३ मध्ये संपणार होती. ती संपली की उसाच्या मळ्यावर कोण राहणार? मळेवाल्यांचा डोळा होता हिंदुस्थानवर, आणि हिंदुस्थान इंग्रजांच्या ताब्यात.

१८७० आणि १८७१ मध्ये हेग शहरात इंग्रज आणि डच यांच्यात तीन करार झाले. पहिल्याने डचांना ब्रिटिश हिंदुस्थानातून सुरिनामसाठी मजूर भरती करायची परवानगी मिळाली. दुसऱ्याने एल्मिनासह सोन्याच्या किनाऱ्यावरचे सगळे डच किल्ले इंग्रजांना मिळाले. तिसऱ्याने सुमात्रात डचांना मोकळे रान मिळाले. करार वेगळे, कागद वेगळे, पण वाटाघाट एकच. एल्मिनाचा किल्ला ज्या ताटातून इंग्रजांना वाढला गेला, त्याच ताटात बिहार आणि संयुक्त प्रांतातले भूमिहीन मजूर डचांना वाढले गेले. १६३७ मध्ये ब्राझीलच्या उसाला हात हवे होते म्हणून किल्ला घेतला. १८७२ मध्ये सुरिनामच्या उसाला हात हवे होते म्हणून किल्ला देण्याची तयारी झाली. मधल्या २३५ वर्षांत बदलले ते फक्त हात कुठून आणायचे ते.

एल्मिनाच्या लोकांना हा सौदा मान्य नव्हता. असांतेचा राजा कोफी कारिकारी याने कळवले की हा किल्ला माझा आहे, डच मला भाडे देत आले आहेत, भाडेकरूने घर परस्पर विकायचे कसे? कायद्याच्या भाषेत हा बिनतोड मुद्दा होता. (हाच राजा डचांना सैनिकांसाठी गुलाम पुरवणाऱ्यांच्या गादीवर बसलेला होता, हेही विसरू नये. मुद्दा बरोबर असणे आणि हात स्वच्छ असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.) ६ एप्रिल १८७२ रोजी डच झेंडा उतरला, इंग्रजांचा चढला. एल्मिनाचा राजा कोबिना ग्यान याने इंग्रजांशी निष्ठेचा करार करायला साफ नकार दिला. १८७३ च्या मार्चमध्ये इंग्रजांनी त्याला धरून सिएरा लिओनला हद्दपार केले. १३ जून १८७३ रोजी इंग्रज तोफांनी किल्ल्याखालचे जुने एल्मिना गाव भाजून काढले. पंधराव्या शतकापासून युरोपीय किल्ल्याच्या सावलीत नांदलेले गाव होते ते. त्याच जागी पुन्हा ते वसू दिले नाही. पुढच्या वर्षी कुमासी जाळले गेले आणि सोन्याचा किनारा इंग्रजांची वसाहत झाला. त्याच वर्षाच्या अखेरीस त्या वसाहतीत गुलामगिरी कायद्याने संपवली गेली, हेही नोंदवले पाहिजे. गाव जाळणारे आणि गुलामगिरी संपवणारे सरकार एकच होते. म्हणून आम्ही म्हणतो की 'इंग्रज चांगले की वाईट' हा प्रश्नच चुकीच्या जागेवरून, किल्ल्याच्या तटावरून विचारलेला आहे.

१८७३ हे साल आपल्या माणसांना पाठ असते. त्या वर्षी जोतीरावांचे 'गुलामगिरी' प्रसिद्ध झाले, ते त्यांनी अमेरिकेत काळ्या गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांना अर्पण केले. पुण्यात बसून अटलांटिकपारच्या गुलामाशी आपले नाते ओळखणारा त्या काळात दुसरा कोण होता? पण त्याच वर्षी, जोतीरावांचे पुस्तक छापले जात असताना, कलकत्त्याहून 'लल्ला रूख' नावाचे जहाज सुमारे ४०० मजूर घेऊन निघाले आणि ५ जूनला सुरिनामच्या परामारिबोला लागले. एल्मिना गावावर तोफा चालण्याच्या आठ दिवस आधी. हे योगायोगाने जुळलेले आकडे नव्हेत, एकाच सौद्याची ती दोन टोके होती.

१९१६ पर्यंत सुमारे ३४,००० जण असे गेले. पाच वर्षांचा करार, ज्याला आपली माणसे 'गिरमिट' म्हणू लागली. काम सोडले तर तो फौजदारी गुन्हा, शिक्षा तुरुंग. १९०२ साली मारिएनबुर्गच्या साखर मळ्यावर मजुरीवरून उठाव झाला, मजुरांच्या हातून व्यवस्थापक मारला गेला आणि सैनिकांच्या गोळीबारात २० हून अधिक हिंदी मजुरांचे प्राण गेले. त्यांना एकाच खड्ड्यात पुरले.

बाबासाहेबांनी गुलामगिरी आणि अस्पृश्यता यांची तुलना सविस्तर केली आहे. १९४६ साली त्यांनी अमेरिकेतले काळ्यांचे विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र लिहून संयुक्त राष्ट्रांपुढे मांडलेल्या निवेदनाची प्रत मागवली होती. ते ड्यू बॉइस अखेरच्या दिवसांत घानात राहायला गेले आणि १९६३ साली अक्रा शहरात वारले. ज्या किनाऱ्यावरून पूर्वज नेले गेले, त्या किनाऱ्यावर.

कोबिना ग्यान १८९४ मध्ये हद्दपारीतून परतला तेव्हा त्याचे गाव शिल्लक नव्हते, किल्ला मात्र जागेवर होता. दोन वर्षांनी इंग्रजांनी त्याच किल्ल्यात असांतेचा राजा प्रेम्पे पहिला याला कैद करून ठेवले. कोठड्यांना पुन्हा काम मिळाले.

सुरिनामला गेलेल्या मजुरांच्या नोंदी आज कोणालाही पाहता येतात. प्रत्येकाचा वेगळा कागद आहे. नाव, बापाचे नाव, जिल्हा, गाव, उंची, अंगावरची खूण आणि एक रकाना जातीचा. जहाजावर सगळे एकाच भटारखान्यातले खात होते, पण कलकत्त्याच्या डेपोतल्या कारकुनाने तो रकाना भरल्याशिवाय कोणाला चढू दिले नाही. एल्मिनातून गेलेल्यांचे असे कागद नाहीत. डचांच्या जमाखर्चाच्या वह्यांत इतके पुरुष, इतक्या बायका, इतकी पोरे असे आकडे आहेत, आणि शेजारी किंमत.